इकाची का खाची

रजिस्टरात मी कोथिंबीर लिहिते,
पंचफुलाबाई सांबार म्हणते.
जुडी एकच:
पहाटे साडेचारला उपटलेली, मुळांना ओली माती,
वजन दोनशे बारा ग्रॅम, तास शून्य.

तिच्या परसात, शेवग्याखाली, आम्ही विटांची पेटी बांधली.
भिंतीच्या आत भिंत, मधे वणा नदीची रेती,
वर वाळ्याची ताटी.
सकाळी दोन घागरी, संध्याकाळी दोन.
बाहेर एप्रिल त्रेचाळीसवर,
आत पालक सव्वीस अंशांत निवांत,
पुढची तारीख मिळालेल्या पक्षकारासारखा.

नमुना क, उघडा, ओल्या पोत्यावर.
नमुना ख, भोकं पाडलेल्या पिशवीत.
नमुना ग, पळसाच्या पानांत. हा तिचा,
सरांच्या आराखड्यात नव्हता.
"मायी सासू असंच बांधे,"
एवढाच त्याला आधार,
आणि संदर्भसूचीत सासू कुठे बसवायची
ते मला अजून कळलेलं नाही.

चोवीस तास. अठ्ठेचाळीस. बहात्तर.
रोज मूठभर पानं बर्फाच्या थर्मासात घालून
मी हिंगणघाटची एसटी धरते.
प्रयोगशाळेत कुटते, गाळते,
आणि ब्युरेटमधून निळा रंग सोडते, थेंबाथेंबानं.
थेंब पडतो, विरतो.
पडतो, विरतो,
म्हणजे पानात अजून आहे काहीतरी.
मग एक थेंब गुलाबी होऊन थांबतो.
पंधरा सेकंद थांबला की आकडा लिहायचा.

उघड्या जुडीत चौथ्या दिवशी निम्मंही उरलं नव्हतं.
पेटीतली बरी.
पळस पिशवीच्या थोडा मागे पडला,
हे मी जरा चाचरतच सांगितलं.
"पन पिशवी गाय खाते न मंग," ती म्हणाली
आणि निंदायला निघून गेली.

रूप-रंगाच्या चाचणीला पाच जण लागतात.
ढोबळे गुरुजी, अंगणवाडीच्या कोवेताई,
किराणावाला, त्याचा भाचा, आणि ती.
नऊ म्हणजे ताजी, एक म्हणजे फेकायची,
पाचाच्या खाली बाजारात चालत नाही.
गुरुजींनी चश्मा पुसून
बहात्तर तासांच्या पालकाला तीन दिले.
पंचफुलाबाईनं पान उलटं करून पाहिलं,
देठ कानाशी नेऊन मोडला,
पेन तसंच धरून मला विचारलं,
"इकाची का खाची?"

मी म्हटलं, रकाना एकच आहे.

"इकाची असन तं तीन.
खाची असन तं नऊ.
मंगयवारचा बाजार झाला का
उरलं तेच तं रांधतो न आमी,
बुधवार, बिस्तरवार, पुरलं तं शुक्कर."

आणि शून्य तासाची?
इतक्या वर्षांत घरी कधी शिजली?
ती हसली. "पाव्हना आला तं."

मी पट्टी घेतली,
रकान्यात मधोमध उभी रेघ मारली.

सरांनी ती लाल पेननं खोडली.
एका प्रश्नाला दोन मोजपट्ट्या चालत नाहीत,
आणि ते चूक बोलत नव्हते.
सरासरी काढा, म्हणाले.
तीन आणि नऊ, सहा.
सहा म्हणजे 'बरी'.
प्रबंधाच्या एकसष्टाव्या पानावर
तिचा पालक बरा आहे.

शेवटच्या नोंदी घ्यायला गेले तो सोमवार होता.
उद्याच्या बाजाराच्या जुड्या पेटीत रचलेल्या,
माझ्या चिठ्ठ्या लावलेले नमुने एका कडेला,
आणि पार मागे, गारव्याच्या कोपऱ्यात,
पळसात बांधलेली एक जुडी, चिठ्ठी नसलेली,
मुळांना ओली माती.
मी काट्यावर ठेवायला उचलली.

"ते नोको मोजू," ती विहिरीकडून ओरडली,
"ते खाची हाये."

मी जुडी होती तिथं ठेवली,
ताटी ओढली,
आणि संध्याकाळच्या दोन घागरी
रेतीत ओतल्या.